हिंदकेसरी गणपतराव आंदळकर : मातीतून मॅटवर

(द्वितीय वर्ष, कला)

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलेली आहे. मीही लिहिली होती, आणि गेल्या डिसेंबरपर्यंत ती मला पूर्णपणे खरी वाटत होती. माझे वजन ९६ किलो. गिरीजला आमच्या आळीत केळीचा घड उचलायचा असो की बावखलातला पंप वर काढायचा असो, हाक मलाच येते. वडील दुसऱ्यांच्या वाड्यांत काम करतात आणि पहाटेच्या लोकलने फुलांच्या करंड्या दादरला पोहोचवतात. लहानपणापासून ती ओझी मी वाहिली. तेव्हा अंगात ताकद आहे, मग अडचण ती कसली, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा कसा ठरला, आणि तो सुधारताना एका फार मोठ्या मल्लाची ओळख मला कशी झाली, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. लेख कुस्तीवर आहे. पण कुस्तीची आवड नसलेल्या मित्रांनीही तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. कारण ज्या प्रश्नाने मला छळले, तो प्रश्न निव्वळ आखाड्यातला नाही, हे पुढे ध्यानात येईल.

माझा पराभव

दोन वर्षांपासून मी संध्याकाळी किकबॉक्सिंगच्या वर्गाला जातो. किकबॉक्सिंग म्हणजे हातापायांनी खेळण्याची मुष्टियुद्धासारखी झुंज. कराटे आणि थायलंडचे मुए थाय यांच्या मेळातून जपानमध्ये १९६० नंतरच्या दशकात हा खेळ उभा राहिला. पुढे १९९३ साली टोकियोत 'के-वन' ही स्पर्धा सुरू झाली आणि जड वजनाच्या किकबॉक्सरांना जगभर नाव मिळाले. नेदरलँड्सचा अर्नेस्टो होस्ट हा १९९७, १९९९, २००० आणि २००२ अशी चार वेळा तिथे विजेता झाला. आमच्या वर्गातली मुले मोबाइलवर त्याच्या जुन्या झुंजी पाहतात. तोंडावर दोन-तीन ठोसे दाखवायचे आणि शेवटची लाथ प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर हाणायची, ही त्याची खासियत. मांडीवरच्या या लाथेला 'लो-किक' म्हणतात. माझे सारे शिक्षण याच लाथेवर झाले होते.

डिसेंबरात मी आयुष्यातल्या पहिल्या स्पर्धेत उतरलो. ९१ किलोंवरच्या सर्वांचा एकच गट होता. प्रतिस्पर्धी माझ्यापेक्षा हडकुळा. मनात म्हटले, आता काय, दोन मिनिटांचे काम. पण मी ज्या प्रकारात नाव दिले होते, तो होता 'फुल कॉन्टॅक्ट'. या प्रकारात कमरेखाली लाथ मारण्यास मनाई असते. नियम मला सांगितला गेला होता आणि मी मानही डोलावली होती. पण घंटा झाली आणि पाय सवयीने मांडीवर गेला. पंचांनी समज दिली. पुन्हा गेला, पुन्हा समज. मग गुण कापले. तिसऱ्या फेरीत तर पाय उचलायचीच मला भीती वाटू लागली. पाय बांधलेल्या बैलासारखा मी उभा होतो आणि तो हडकुळा मुलगा मला टिपत होता. मी हरलो.

त्याच महिन्यात प्रथम वर्षाच्या एका विषयाची ए.टी.के.टी.ची परीक्षाही मी पुन्हा नापास झालो. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. उत्तर माहीत असूनही ते मांडायचे कसे, मुद्दे कुठे तोडायचे, किती लिहायचे, हे सांगणारे घरी कोणी नाही. वडील काही बोलले नाहीत. पण हायवेकडच्या एका गोदामात माल चढवण्याचे काम मिळत होते आणि मी तिकडे जायचे मनाशी जवळजवळ ठरवले होते. तिथे निदान ताकदीला किंमत होती.

तात्यांच्या भिंतीवरचे चित्र

आमच्या शेजारी तात्या राहतात. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या शिराळा भागातले. गिरणगावात कापड गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते वसईकडे आले. आता ऐंशी ओलांडली आहे, पण मान अजून ताठ. कान कुस्तीगिराचे, चपटे झालेले. लालबाग-परळच्या तालमींत त्यांनी ऐन उमेदीत जोर-बैठका काढल्या आहेत. त्यांच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या खाली वर्तमानपत्रातले एक पिवळे पडलेले चित्र चिकटवलेले आहे : फेटा बांधलेला, रुंद छातीचा एक मल्ल.

मी माझी हकिकत सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. चित्राकडे बोट करून म्हणाले, "ह्यो बघ. आमच्या शिराळ्याचा. ह्याचं पाय काढून घेतलं हुतं, तरी ह्यानं सोनं आणलं. तुझं पाय काढल्यावर तू रडत बसलास."

पाय काढून घेतले म्हणजे काय, हे मला कळेना. ते समजून घेण्यासाठी मी आधी तात्यांकडून आणि मग आपल्या ग्रंथालयातून जे जे मिळाले ते जमवले. ते चित्र होते हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचे.

पुनवत ते कोल्हापूर

गणपतरावांचा जन्म १९३५ सालचा, शिराळा तालुक्यातल्या पुनवत या गावचा. वारणेकाठचा हा मुलूख कुस्तीवेडा. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला नाही, तर जत्रा झाली असे तिकडे कोणी मानत नाही. अशा मुलखातून १९५० च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा कुस्ती शिकण्यासाठी कोल्हापुरास आला.

कोल्हापूरच का, हेही समजून घेतले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींनी हे शहर गजबजले. १९०२ साली महाराज युरोपात गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्ये खोलगट हौद आणि सभोवती चढत जाणारी गोलाकार बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला अंगच्या बळावर नाव कमावता येईल अशी एक वाट या शहराने तयार करून ठेवली होती. गणपतराव त्या वाटेने आले.

तालमीतले शिक्षण कसे असते? पहाटे उठून जोर आणि बैठका, त्याही शेकड्यांनी. मग फावड्याने हौदातली लाल माती उकरायची. ही माती साधी नसते. ती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. हौद उकरणे हे नुसते साफसफाईचे काम नाही. त्याने पाठ, खांदे आणि मनगटे तयार होतात. त्यानंतर जोडीबरोबर लढती. खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई. आणि या सर्वांवर वस्तादांची नजर. वस्तादांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. तात्या सांगतात की पहिली काही वर्षे पट्ठ्याने फक्त मार खायचा असतो. पडायचे कसे हे आले, की मग पाडायचे कसे ते शिकवतात.

१९५९ साली हिंदकेसरी या किताबाची परंपरा सुरू झाली. दिल्लीत बंतासिंगला नमवून कोल्हापूरचे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, हा मान गणपतराव आंदळकरांनी मिळवला. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. देशातल्या मल्लांत पहिला म्हणून गदा खांद्यावर आली. एखाद्याने इथेच समाधान मानले असते.

जड गट म्हणजे काय?

पुढचे समजण्यासाठी वजनगटांविषयी दोन शब्द. आपल्या जत्रेतल्या कुस्तीत जोड नजरेने ठरवतात, काटा लागत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र काटा लागतो. त्या काळी आठ गट होते. सर्वांत हलका ५२ किलोंचा. सर्वांत वरचा म्हणजे ९७ किलोंवरील, आणि त्याला वरची मर्यादाच नव्हती. म्हणजे ९८ किलोंच्या मल्लासमोर १४० किलोंचाही येऊ शकत असे. १९६९ पासून ही रेषा १०० किलोंवर गेली. पुढे १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये वरची मर्यादा १३० किलो होती. आता फ्रीस्टाइलमध्ये १२५ आणि ग्रीको-रोमनमध्ये १३० किलो हा सर्वांत वरचा गट आहे.

हलक्या गटातल्या मल्लाची चिंता वजन उतरवण्याची. जड गटातल्या मल्लाची चिंता वेगळी : हे वजन घेऊन हलायचे कसे? दम पुरवायचा कसा? पोते जड असते, पण पोते लढत नाही. आंदळकर लढले ते या सर्वांत वरच्या, मर्यादा नसलेल्या गटात.

माती आणि मॅट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली मातीतली कुस्ती ही निकाली कुस्ती. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला चितपट करायचे, की निकाल लागला. गुण नाहीत. पाय जरा रुततात, मातीमुळे पकड बसते, आणि खडाखडी करत, एकमेकांना जोखत मल्ल वेळ घेऊ शकतात.

मॅटवर सारेच बदलते. पायाखाली गादी आणि पायांत बूट. मिनिटे मोजलेली. चितपट झाली तर ठीकच, नाही तर गुणांवर निकाल. माती संयम मागते, मॅट चपळाई मागते. हा बदल किती अवघड आहे हे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीवरून दिसते. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. मग चार वर्षे त्यांनी तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले होते. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! असो. सांगायचे ते असे की खाशाबांसारख्या मल्लालाही मॅटची ओळख व्हायला एक ऑलिम्पिक जावे लागले.

शिवाय मॅटवरच्या कुस्तीतही दोन प्रकार. एक फ्रीस्टाइल. तिच्यात सर्वांगाने लढता येते आणि ती आपल्या कुस्तीला जवळची आहे. दुसरा ग्रीको-रोमन. नाव ग्रीस-रोमचे असले, तरी आजच्या रूपात तो एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाढला. त्याचा मुख्य नियम एकच, पण भयंकर : कमरेच्या खाली धरायचे नाही आणि पायाचा डाव करायचा नाही.

आपल्या कुस्तीतून पाय वजा केले तर काय उरते? एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला. टांग गेली. मांडीत हात घालून खांद्यावर उचलायची कलाजंग गेली. म्हणजे कोल्हापूरच्या हौदात वर्षानुवर्षे घोटलेली निम्म्याहून अधिक विद्या मॅटच्या बाहेर ठेवून आत जायचे. तात्या म्हणत होते ते "पाय काढून घेतलं" म्हणजे हे.

जाकार्ता, १९६२

१९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी प्रवेश नाकारला. त्यावर भारताचे जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तिथले वातावरण भारतीयांविरुद्ध तापले. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाची हुर्यो उडवली गेली. अशा वातावरणात आपले खेळाडू खेळत होते.

कुस्तीत भारताला तीन सुवर्णपदके मिळाली. एक मालवा यांचे. दुसरे सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांचे, ९७ किलो गटात. आणि तिसरे ९७ किलोंवरील गटात गणपतराव आंदळकरांचे. तीनांतली दोन सुवर्णपदके एका सांगली जिल्ह्याची!

पण मला थांबवले ते पुढच्या तपशिलाने. आंदळकर दोन्ही प्रकारांत उतरले होते. फ्रीस्टाइल, जी आपल्या मातीच्या जवळची, तिच्यात त्यांना रौप्यपदक मिळाले. आणि ग्रीको-रोमन, जिची आपल्याकडे परंपराच नव्हती आणि जिच्यात पाय वर्ज्य, तिच्यात सुवर्ण. घरच्या अंगणात दुसरा आणि परक्याच्या अंगणात पहिला!

हे कसे झाले असेल? तात्यांबरोबर बसून मी यावर विचार केला. जे सुचले ते मांडतो. हे आमचे अनुमान आहे, एवढे लक्षात ठेवावे. पट आणि टांग गेली तरी हौदातली सारीच विद्या जात नाही. फावड्याने कमावलेली पाठ राहते. गर्दनखेच राहते. गर्दनखेच म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर हात टाकून त्याला खाली ओढणे. तालमीत हा प्रकार तासन् तास चालतो आणि मान लोखंडासारखी होते. बगलेखालून शिरून मागे जाण्याची बगलडूब राहते. हात पकडून पाठीवरून फेकण्याची धोबीपछाड राहते. म्हणजे उरलेली विद्या कोणती, हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याला नियम अडवत नाही. गेलेल्या डावांचे दुःख करत जो उभा राहतो, त्याला मात्र अडवतो.

हे ऐकताना मला माझी झुंज आठवली. लो-किक गेली होती हे खरे. पण दोन हात होते. कमरेवर, बरगडीवर, डोक्यापर्यंत जाणाऱ्या लाथा होत्या. ९६ किलोंचे वजन होते. मी त्यांतले काहीच मोजले नव्हते. मोजले ते फक्त गेलेले.

टोकियो आणि त्यानंतर

१९६४ साली आंदळकर टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे उतरले. तिथे पदक मिळाले नाही. त्या वर्षी भारताला मिळालेले एकमेव पदक हॉकीतले. आशियातला पहिला हा जगातला पहिला असतोच असे नाही. लेख गौरवाचा असला तरी हे सांगितले पाहिजे. देशाने त्यांचा अर्जुन पुरस्काराने गौरव केला.

मल्लाची उमेद फार तर पंधरा वर्षांची. पस्तिशी उलटली की शरीर सांगू लागते. त्यानंतर काय? गदा भिंतीला लागते, खुराक तुटतो, पण भूक तीच राहते. अनेक नामांकित मल्लांचे उत्तरायुष्य हलाखीत गेल्याचे आपण वाचतो. स्वतः खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आंदळकरांनी मोतीबाग तालमीची वाट धरली. ते वस्ताद झाले, आणि पुढची कित्येक दशके त्या हौदाच्या काठावर उभे राहून त्यांनी मुले घडवली. गावोगावचे शेतकऱ्यांचे, मजुरांचे मुलगे वळकटी घेऊन यायचे आणि त्यांच्या हाताखाली शिकायचे. त्यांच्या तालमीत तयार झालेले दादू चौगुले महाराष्ट्रकेसरी झाले आणि १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. म्हणजे गुरू जाकार्ताला गेला, शिष्य ख्राइस्टचर्चला. मातीच्या हौदातून मॅटकडे जाणारी वाट एकट्याची राहिली नाही.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात गणपतरावांचे निधन झाले. वय ८३. तात्यांनी भिंतीवर चिकटवलेले चित्र त्या वेळच्या वर्तमानपत्रातले. सात-आठ वर्षांत उन्हाने ते पिवळे पडले, पण त्यांनी काढले नाही.

कारकीर्द कशाला म्हणावे?

आपण एखाद्या विजेत्याची कारकीर्द सांगतो ती पदकांच्या यादीने. १९६०, हिंदकेसरी. १९६२, सुवर्ण आणि रौप्य. १९६४, ऑलिम्पिक. एवढ्याने मोजली तर आंदळकरांची कारकीर्द चार-पाच वर्षांत संपते. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. मला तर वाटते, कारकिर्दीचे तीन भाग पाडावेत. पहिला, आपल्या मातीत आपल्या नियमांनी जिंकणे. दुसरा, परक्या आखाड्यात परक्या नियमांनी लढणे. आणि तिसरा, ही वाट मागून येणाऱ्याला दाखवणे. पहिल्या भागाला बळ पुरते. दुसऱ्याला बळाबरोबर शिकण्याची तयारी लागते. तिसऱ्याला मोठे मन लागते. होस्टची चार विजेतेपदे पाहणाऱ्या माझ्या मित्रांना मी आता हेच सांगतो. होस्ट जरूर पाहावा, पण नियम बदलल्यावर काय करायचे ते पाहायचे असेल तर आपल्याच शिराळ्याकडे पाहावे.

कोणी म्हणेल, हे सारे कुस्तीपुरते झाले. मला तसे वाटत नाही. आमच्यासारखी पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले म्हणजे मातीतून मॅटवर आलेले मल्लच. घरी, वाडीत आमची हुशारी चालते. पाऊस कधी येणार, फुले कधी तोडायची, दादरला भाव कधी पडतो, हे आम्हांला कळते. इथे आलो की ते डाव चालत नाहीत. इथे मिनिटे मोजलेली, गुण मोजलेले. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. मग आम्हांला वाटते, आपल्याजवळ काहीच नाही. आणि आम्ही गोदामाची वाट धरतो. गोदामाचे काम हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझे वडील आयुष्यभर ओझी वाहत आले आणि त्यांच्यावरच आमचे घर उभे आहे. पण हरलो म्हणून तिकडे जाणे वेगळे आणि निवडून जाणे वेगळे.

मी गोदामात गेलो नाही. किकबॉक्सिंगच्या वर्गात परत गेलो. पहिला महिना फक्त कमरेवरच्या लाथांचा सराव केला. पाय अजूनही कधी कधी मांडीकडे जातो. पण जाताजाता थांबतो. नापास झालेल्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढल्या. आपल्याच एका प्राध्यापकांनी माझी चार उत्तरे तपासून दिली आणि 'माहिती आहे, मांडणी नाही' असा शेरा मारला. तो शेरा मला पंचांच्या समजेसारखा वाटला. फरक एवढाच की या वेळी मी तो ऐकला. पुन्हा उत्तरे लिहिली, पुन्हा दाखवली. परीक्षा दिली आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर निकाल लागलेला असेल.

परीक्षा देऊन आलो त्या संध्याकाळी तात्यांकडे गेलो. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारले नाही. विचारले ते एवढेच, "वेळ पुरला का?" मी म्हटले, "पुरला तात्या, शेवटची पाच मिनिटं उरली." त्यांनी चित्राकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "मग दमसास हाय. ऱ्हायलेलं जमंल."

निकाल काहीही लागो. शेजारच्या आळीतला एक मुलगा यंदा बारावीला आहे, त्याच्याही घरात कॉलेज कोणी पाहिलेले नाही. रविवारी तो आमच्या ओटीवर येतो. उत्तर कसे मांडायचे, मुद्दे कुठे तोडायचे, एवढे मी त्याला दाखवतो. मला येते ते थोडेच आहे, पण तेवढे त्याला आधी कळले तर त्याचे एक वर्ष वाचेल.